तोटीचं पाणी

हलीमाखाला,

परवा तुमची जियारत झाली. फुलं वाहून माणसं परतली तरी मी कब्रस्तानाच्या भिंतीपाशी उभाच होतो, आणि आपल्या वखारीतले मौलाचाचा माझी बाही ओढून विचारत होते, "मास्तर, इथं कोन झोपलंय?" मी म्हणालो, "खाला दमल्यात, चाचा. निजल्यात." त्यांनी मान डोलावली आणि तुमची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन चालायला लागले. पाच-सहा वर्षांपूर्वी मी त्यांना तिथंच उभं करून खरं काय ते सांगितलं असतं, वर दोनदा म्हणवूनही घेतलं असतं. तुमच्या संगतीनं मास्तर बिघडला, असं शाळेत माझ्यामागं बोलतात. बोलू देत.

मशिदीच्या ओट्यावर कुणीतरी मला म्हणालं, तुम्ही खालांना इतकी वर्षं ओळखता, चार शब्द बोला. मला जमलं नाही. जे बोलायचं आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही, आणि तुम्ही समोर होता तेव्हा ते बोलायची माझी छाती झाली नाही. रोज ठरवायचो, रोज तुम्ही हातात काहीतरी काम द्यायचा आणि ते राहून जायचं. म्हणून आता लिहितो आहे.

किल्ल्याच्या खंदकाजवळची ती कापसाची जुनी वखार. तुम्ही तिकडं इंग्रजी मुलखात, बार्शीला, एका दवाखान्यात आयाचं काम करून परंड्याला परत आलात आणि वखारीत म्हाताऱ्यांच्या खाटा मांडल्यात. साधे म्हातारे नव्हेत; ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, भरल्या घरातून उठून जे कुठंही चालू लागतात, असे. गाव त्याला चळलेल्यांची वखार म्हणायचं. तुम्ही कधी कुणाला चळलेलं म्हटलं नाही. "विसरलेली माणसं हायेत," म्हणायचा, "आपन याद ठेवायचं, बस." मदतीला गंगाबाई होती. सहा म्हातारे, दोन बायका आणि लिंबाचं एक झाड, एवढाच तुमचा पसारा.

माझे बा ईट गावचे धनगर. जन्मभर मेंढरांमागं हिंडले आणि म्हातारपणी मेंढरं सोडून बाकी सगळं विसरले. आई गेलेली, मी दिवसभर शाळेत, म्हणून त्यांना तुमच्याकडं आणून सोडलं. संध्याकाळी शाळा सुटली की मी यायचो आणि बा विचारायचे, "माझी मेंढरं कुठं हायती?" मी सांगायचो, "बा, मेंढरं दुष्काळात विकली. आता न्हाईत." खोटं बोलायचं नाही हा माझा बाणा. शाळेत खोटं बोलणाऱ्याच्या हातावर छडीचे वळ उठवणारा मी, घरच्या माणसाशी खोटं कसा बोलणार? बा ऐकायचे, मटकन खाली बसायचे आणि डोक्याला हात लावायचे. अर्ध्या घटकेनं विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. मी पुन्हा सांगायचो.

एकदा तुम्ही मला दंडाला धरून चुलीपाशी ओढत नेलंत. "मास्तर, त्या मानसाची मेंढरं तुम्ही दिसाला चार बार मारताव. काय बिघडवलंय त्यांनी तुमचं?"

"मग काय खोटं सांगू?"

"सांगा, चरायला गेल्यात. सांजच्याला येतील."

"आणि सांज झाल्यावर?"

"सांजच्याला त्यांना कुटं याद राहतंय?" असं म्हणून तुम्ही हसलात. मला त्या हसण्याचा फार राग आला होता, खाला. आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर अजून मिटलेलं नाही.

मग पटकीचा, तुमच्या भाषेत हैजाचा, तो उन्हाळा आला. लढाई चालू होती, घासलेट मिळत नव्हतं, आणि त्यातच दवंडी फिरली की पाणी उकळून प्या, विहिरींत सरकारी माणसं लाल दवा टाकणार आहेत. लोक दोन्हींना घाबरले, रोगालाही आणि लाल पाण्यालाही. वखारीत रोग आला तो रखमाआजीच्या लेकीबरोबर. जत्रेहून परस्पर ती आईला भेटायला आली, तिच्या तोंडात प्रेमानं जिलबी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रखमाआजी गेली. गंगाबाईनं गळा काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडायचं आठ दिसांनी. हैजाला रडं कळत न्हाय." आजीची वाकळ, लुगडी, सगळं खंदकाच्या काठाला नेऊन जाळलंत आणि वखारीच्या दारात चुन्याची हातभर रुंद पट्टी ओढलीत. आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. पीठ, मीठ, सरपण पट्टीच्या अलीकडं ठेवायचं आणि लांब व्हायचं. साथीमुळं शाळा बंद होती, तेव्हा हे काम मी घेतलं. शाळेत पोरांना रेघेच्या अलीकडं उभं करणारा मी, तुमच्या रेघेच्या अलीकडं हात बांधून उभा राहायचो.

खरी पंचाईत पाण्याची होती. वखारीत दोन रांजण होते. एक गंगाबाई भरायची, हिंदू म्हाताऱ्यांसाठी. एक तुम्ही भरायचा. दोन्हींत सगळ्यांचे हात जायचे. शहाण्या माणसाला एकदा सांगितलं की पुरतं. विसरलेल्या माणसाला 'हात घालू नका' असं किती वेळा सांगणार? तुम्ही झाकणं बांधलीत. बांनी गाठ सोडली. जन्मभर कोकरं बांधण्या-सोडण्यात गेलेला तो हात होता. शेवटी तुम्ही मुसळ घेतलंत आणि दोन्ही रांजण फोडलेत. आधी तुमचा फोडलात आणि मग आमचा, हे गंगाबाई मला मुद्दाम सांगायची.

कुंभाराकडून तुम्ही मातीचे बदने करून आणवलेत. मशिदीत वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, असतात तसे तोटीचे लोटे, पण वरचं तोंड इतकं अरुंद की आत हात जाऊच नये. उकळून गार केलेलं पाणी त्यात. ज्याचा त्याचा बदना ज्याच्या त्याच्या खाटेपाशी. मौलाचाचांनी तर बदना पाहिला की लगेच वजू करायला घ्यायचा असा सपाटा लावला. दिवसातून दहा-दहा वेळा त्यांचे हात धुतले जायचे. स्वतःचं नाव विसरलेला माणूस वजू विसरला नव्हता. बांना तुम्ही 'पानं वाढलीत' म्हणायचा, की ते आपणहून हातपाय धुवायला उठायचे. कुठल्या म्हाताऱ्याच्या अंगात कुठली सवय शिल्लक आहे ते तुम्हाला बरोबर ठाऊक असायचं. सरकारी डॉक्टर टोचायला आले आणि पट्टीपाशी उभे राहून हे बघत होते, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. ते मी पाहिलंय, तुम्ही चुलीपाशी होता.

पण बा अडून बसले. "ह्यो मुसलमानाचा लोटा. म्या न्हाय प्यायचा." पाणी गंगाबाईनं आवारातल्या आडातून शेंदलेलं, गंगाबाईनं उकळलेलं, लोटा कुंभाराकडून आलेला कोरा; अडलं होतं फक्त तोटीपाशी. भर उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटलेली आणि हा माणूस तोंड फिरवून बसलेला. मेंढरं पाजायची आहेत म्हणून दोनदा मागच्या बाजूनं खंदकाकडं निघाले आणि दोनदा तुम्ही त्यांना धरून आणलंत. त्या हिरव्या पाण्यात आख्ख्या गावाचा रोग होता.

मग एका सकाळी बा पाणी प्यायले. कसे, ते गंगाबाईनं मला पट्टीपलीकडून मोठ्या कौतुकानं सांगितलं. तुम्ही तिला भंडारा आणायला लावलात, बदन्याला पिवळी बोटं ओढायला लावलीत आणि तिच्या तोंडून म्हणवलंत, "ही बिरोबाच्या देवळातली झारी हाय. पुजाऱ्यानं तुमच्यासाठी धाडलीय." बांनी बदना कपाळाला लावला, तोटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामा केला. वर म्हणाले, "लई दिसांनी देवाचं पाणी मिळालं."

माझ्या डोक्यात राख गेली. मी पट्टीवर उभा राहून ओरडलो, "खाला, तुम्ही माझ्या बाला फसवलंत! शुद्धीत असता तर त्यांनी हे पाणी घेतलं असतं का?"

तुम्ही पदराला हात पुसत शांतपणे आलात. "मास्तर, मातीच्या लोट्याला तोटी लावली की तो माझा. भंडारा लावला की तुमचा. मग मी झूट काय बोलले ते सांगा."

"देवाच्या नावानं बोललात."

"हौ, बोलले. देवाला चालत नसंल तर माझ्याशी बोलंल त्यो. तुम्ही कशाला मधी पडताव?"

मी म्हणालो, आजच्या आज गाडी जोडतो आणि बांना ईटला नेतो. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "आठ दिसांनी न्या. आत्ता नक्को. आत्ता नेलात तर बापाबरोबर हैजा बी नेताल, आन आख्खं ईट तुमच्या बापाचं नाव घेऊन मरंल." मी गाडी जोडली नाही, पण चिडूनच घरी गेलो.

आता ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सरपण घेऊन आलो. तुम्ही आत होता, गंगाबाई दिसत नव्हती. बा पट्टीच्या जवळच लिंबाखाली बसले होते, मांडीवर ती झारी. मी त्यांना हाक मारली आणि म्हणालो, "बा, ती झारी न्हाय. मुसलमानांचा बदना हाय. तुम्हाला फसवत्यात." मी मोठा धर्म वाचवायला निघालो होतो असंही नाही, खाला. मला फक्त तुमच्यावर जिंकायचं होतं. बांनी बदन्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, किळस आल्यासारखा तो खाली ठेवला आणि बोटं धोतराला पुसली. मी सरपण ठेवून निघालो. खरं बोलल्याचं समाधान घेऊन चाललो होतो, आणि त्या समाधानाची आज मला लाज वाटते.

त्याच दिवशी दिवस कलायच्या आत गंगाबाईला बा खंदकाच्या पायऱ्यांवर सापडले. छातीपर्यंत भिजलेले, ओंजळीनं पाणी पीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले.

कळताच मी धावत पट्टीपाशी आलो. तुम्ही म्हणालात, "आत यायचं असंल तर या. पन साथ सरंपर्यंत परत बाहेर जायचं न्हाय." मी चुन्यात पाय बुडवून आत आलो. बांचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, पोटऱ्यांत गोळे येत होते. तुम्ही तांदळाची पातळ पेज मीठ घालून गार करून ठेवली होती. "घटकाभर बी थांबायचं न्हाय. जेवढं जातंय तेवढं परत घालायचं," म्हणालात. निजलेल्या माणसाला तांब्यानं पाजता येत नव्हतं. निम्मं मानेवरून जायचं, निम्म्यानं ठसका लागायचा. तोटीनंच जमणार होतं. आणि तोटी ओठाला लागली की बा दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायचे. बाकी सगळं विसरणाऱ्या माणसानं नेमकं माझं ते एक वाक्य धरून ठेवलं होतं.

तेव्हा तुम्ही गंगाबाईकडं वळलात. "ह्यांना कुनी सांगितलं? तूच बडबडली असशील. तोंडाला कवा कुलूप न्हाय तुझ्या." चांगलं खडसावलंत तिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी समोर उभा होतो. हातावर छडी मारून पोरांना 'खरं बोल' म्हणणारा मी, एक अक्षर बोललो नाही. तुम्ही बदना माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता तुम्हीच पाजा. तुमचा आवाज त्यांच्या रगतात हाय."

मी भंडारा घेतला. बदन्याला पाच बोटं ओढली. बांच्या कानाशी वाकलो आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोललो. "बा, मेंढरं पाणी पिऊन आली. सगळी मोजून घेतली. ही बिरोबाची झारी हाय, तुमी बी घ्या आता." बांनी डोळे उघडले. "सगळी आली?" म्हणाले. "सगळी आली," मी म्हणालो. त्यांचा जबडा सैल झाला. मी तोटी ओठाच्या कोपऱ्यात धरली आणि थेंब थेंब सोडत राहिलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. तुम्ही पेज करायचा, गंगाबाई घाण काढून चुना टाकायची, मी पाजायचो. तिसऱ्या दिवशी बांना लघवी झाली तेव्हा तुम्ही अल्लाचे आभार मानलेत आणि गंगाबाईनं बिरोबाचे. मला कुणाचेच मानायला सुचलं नाही. मी आपला तिथंच भिंतीला टेकून रडत बसलो.

वखारीत त्या साथीत रखमाआजीनंतर कुणी गेलं नाही. बा पुढं दोन वर्षं जगले. चांगली, निवांत दोन वर्षं, रोज संध्याकाळी मेंढरं परत येत होती. शेवटपर्यंत त्यांनी त्याच तोटीनं पाणी घेतलं. मी त्यांना ईटला नेलं नाही आणि तुम्हीही 'आठ दिस झाले, न्या आता' असं कधी म्हणाला नाहीत. पण मी तुम्हाला ते सांगितलंही नाही. दर उन्हाळ्यात पट्टी ओढायला मी यायचो, तुमच्याबरोबर पाणी उकळायचो, नवे बदने भाजून आणायचो. ओठावर यायचं आणि राहायचं. वादात मात्र मी हार मानत नव्हतो. 'त्या वेळी एकदा चाललं, पण रोज रोज खोटं बोलणं बरं न्हाय,' असं मी गेल्या महिन्यातही तुम्हाला ऐकवलं, आणि तुम्ही तापात असूनही म्हणालात, "बरं, सबेरे बोलू त्यावर." ते बोलणं राहिलं.

वखार चालू आहे, हे तुम्हाला कळवायचं होतं. आता आठजण आहेत. टोचून घ्यायला म्हातारे घाबरत होते, तर गंगाबाईनं आधी स्वतः दंड पुढं केला. माझ्या शाळेतले दोन माठ मी गेल्या वर्षीच काढून टाकले. पोरं ओंजळ धरतात आणि तोटीतून पाणी पितात, सगळी एका ओळीत. गावात हल्ली कुणी कुणाचं पाणी प्यावं यावर मोठी माणसं जास्तच बोलायला लागली आहेत. पोरांना अजून तहान तेवढी कळते. मला यात फार आशा वाटते, खाला. तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तर भाषण करतोय.

आज सकाळी मी गंगाबाईपाशी गेलो. ती चुलीवरचं पाणी उतरवत होती. तुम्ही गेल्यावर निदान तिला तरी सांगावं, तिच्यावर आलेला आळ उतरवावा, म्हणून मनाचा हिय्या केला. "गंगाबाई, त्या वेळी बांना बदन्याचं मी सांगितलं होतं. तू नव्हे. खाला तुला उगीच बोलल्या, आणि मी गप्प बसलो."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "म्या ऐकलं व्हतं की तवाच. दाराआड उभी व्हते."

"मग खालांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं न्हाय तर! त्याच दिशी सांगितलं." मग ती खाली बसली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "तुमी पट्टी वलांडून आत यायच्या आधी खाला मला म्हणल्या, 'गंगे, आज मी तुला चार शब्द बोलनार, तू ऐकून घे. मास्तरला बापापाशी बसवायचंय. आपल्याला ठावं हाय हे त्याला कळलं तर त्याचा हात थरथरंल, आन पानी सांडंल.'"

मी तिच्यासमोर चुलीपाशी बसलो.

"आणि नंतर?" मी विचारलं. "इतकी वर्षं? वाट बघत होत्या का माझ्या बोलण्याची?"

"वाट म्या बघत व्हते. लई वेळ लावलात, मास्तर. खाला न्हाय बघत व्हत्या. त्या म्हणायच्या, बोलला तर बोलला, न्हाय तर न्हाय. पानी तर नीट पाजतोय."

माझा हात त्या दिवशी थरथरला नाही, खाला. एक थेंब सांडला नाही. आज थरथरतो आहे, आणि आज थरथरला तरी चालेल.